झाडलेल्या अंगणातलं शिसं

अर्धं अंगण झाडून झालं होतं आणि अर्धं राहिलं होतं, तेवढ्यात दिराने तिच्या खराट्याच्या पुढ्यात मोजायची टेप टाकली.

"वहिनी, जरा बाजूला व्हा. गवंडी माप घेतोय."

ती बाजूला झाली नाही. कंबरेत वाकलेली तशीच राहिली आणि मान वर करून म्हणाली, "कसलं माप? माझ्या तिरडीचं?"

गवंडी बिचारा टेपचं टोक धरून भिंतीला चिकटला. दीर मात्र तयारीने आला होता. "सिमेंट टाकायचं सोमवारी. टेंपो गल्लीत उभा करून करून दोनदा आरसा फुटला. तुमच्या भागात तीन वर्षांत गवताची काडी उगवली नाही. उगवता येईना अंगण वाकडं! कशाला अडवून ठेवायची जागा?"

या बाईला गल्लीत सगळे सुई म्हणत. एक तर ती शिवणकाम करायची, लोकांचे सैल कपडे घट्ट आणि घट्ट कपडे सैल करून द्यायची. आणि दुसरं म्हणजे तिच्याशी दोन वाक्यं बोललेला माणूस टोचल्याशिवाय परत जात नसे. गल्लीत म्हणत, सुईच्या खोलीत माशीसुद्धा पाय पुसून शिरते. तिच्या मशीनखाली कधी दोऱ्याचा तुकडा दिसला नाही, तिच्या मोरीत कधी शेवाळ धरलं नाही, आणि घरामागच्या लांबट अंगणाचा वरचा अर्धा भाग ती सकाळ-संध्याकाळ असा झाडायची की त्यावर पीठ सांडलं तर भरून घेऊन मळावं. स्वच्छतेत देव राहतो, हे तिने लहानपणी ऐकलेलं. एवढं एकच वाक्य तिने आयुष्यभर अक्षरशः पाळलं.

त्याच अंगणाचा उताराकडचा खालचा अर्धा भाग धाकट्या जावेचा. मध्ये विटांची एक ओळ. वर लखलखीत झाडलेली, राखाडी, टणक जमीन. खाली वाफे, पालेभाजी, वेल, आणि कोपऱ्यात धाकटीचं खत. घरातला सगळा ओला कचरा, पाला, भाजीची देठं आणि कुठून कुठून मागून आणलेलं शेण ती तिथे रचायची, वर-खाली करायची, पाणी मारायची. ती त्याला कंपोस्ट म्हणे. सुई उकिरडा म्हणे. त्या उकिरड्याविरुद्ध तिने नगरपालिकेत दोनदा अर्ज दिला होता. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडत मात्र रोज होत्या.

"सोमवारी म्हणे!" सुई दिराला म्हणाली. "हा भाग तुमच्या दादांनी माझ्या नावाने सोडलाय. तुम्ही मान डोलावली होती तेव्हा."

"डोलावली होती, बाग करणार म्हणालात म्हणून. बाग कुठाय?"

खालून धाकटी वाफ्यात पाणी देता देता बोलली, कुणाकडेही न बघता. "बागेला हात लागतो हो. काहींच्या हाताला फक्त खराटा लागतो."

सुईने उरलेलं अर्धं अंगण झाडलंच नाही. खराटा भिंतीला टेकवला आणि आत गेली. तीन वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

बाग कुठाय, हा प्रश्न तिलाही छळत होता. नवरा गेल्यावर तिने त्या जमिनीत काय नाही लावलं? घेवडा लावला, वांगी लावली, टोमॅटो लावले. बी उगवायचं. दोन पानं, चार पानं, आणि मग जणू कुणीतरी गळा धरायचं. पानं पिवळी व्हायची, शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या, खालून जांभळट डाग पडायचे. रोप उपटून बघावं तर मूळ बोटभरही नाही. टोकं तपकिरी, बोथट, घासून झिजलेल्या ब्रशासारखी. तिने मुठी-मुठीने युरिया टाकला. आणखी पिवळी झाली. आणखी टाकला. मेली.

आणि विटांच्या ओळीपलीकडे, चार हातांवर, धाकटीचा पालक गुडघ्याला लागत होता.

असं झालं की माणसाला एकच उत्तर सुचतं. शेजारणीने काहीतरी केलं. सुईला खात्री होती, धाकटी मीठ टाकते. मिठाचं पाणी, नाहीतर कढत पाणी. सांजवेळी, आपण देवापुढे बसलो की.

"मीठ परवडतं का मला एवढं?" धाकटीने एकदा उत्तर दिलं होतं. "तुमच्या जिभेवरचं गळून पडत असेल, ताई. झाडताना बघा."

आता सोमवार चार दिवसांवर आला होता. सुईने ठरवलं, मीठ सिद्ध करायचं. कागदावर, शिक्क्यासह. मग बघू कोण सिमेंट टाकतो. माती तपासून देणारं केंद्र बसने दोन थांबे पुढे होतं. तिने पाच ठिकाणची माती वीतभर खणून काढली, स्वच्छ धुतलेल्या पिशवीत भरली, पिशवीचं तोंड दोऱ्याने शिवून टाकलं, म्हणजे कुणी म्हणायला नको की वाटेत काही मिसळलं, आणि नेऊन दिली. घाई आहे म्हणून केंद्रातल्या माणसाशी इतका वाद घालत बसली, की पीडा टळावी म्हणून त्याने तिसऱ्या दिवशी या असं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तो माणूस कागद पुढे करून तिच्याकडे चष्म्यावरून बघत राहिला.

"मीठ किती निघालं?" सुईने विचारलं.

"मीठ? मीठ नाही. मिठाचा काही प्रश्नच नाही."

"नीट बघा."

"बाई, बघायचं काम माझं आहे. तुमच्याकडे बॅटऱ्यांचं काम कोण करायचं?"

"का?" सुईने खालच्या आवाजात विचारलं. गल्लीतल्या कुणी पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

बॅटऱ्यांचं काम तिचा नवरा करायचा. अकरा वर्षं. गाड्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या विकत घ्यायच्या, मागच्या शेडमध्ये उलट्या करून आतलं ॲसिड ओतून टाकायचं, हातोडीने कवच फोडायचं, आतल्या शिशाच्या जाळ्या धुऊन वजनावर विकायच्या. आणि शेड? शेड ती धुवायची. रोज संध्याकाळी चार बादल्या पाणी मारून, घासून, खराट्याने ते काळपट पाणी शेडच्या बाहेर लोटायची, अंगणात. बॅटरीवाल्याची शेड असून जेवायला बसावं अशी, असं लोक म्हणायचे. तिला ते फार आवडायचं.

"शिसं आहे," तो माणूस म्हणाला. "भरपूर. आणि माती आंबट आहे, ॲसिडमुळे. आंबट मातीत शिसं मोकळं सुटतं, मुळांच्या टोकांना भिडतं. टोकं मेली की झाड पाणी ओढणार कशाने, अन्न घेणार कशाने? पोटभर वाढलेलं ताट पुढे आणि घसा आवळलेला, तशी गत. युरिया घातलात ना वर?"

"हाताला येईल तेवढा."

"आगीत तेल. त्यानेसुद्धा आंबटपणा वाढतो." त्याने कागदावरच्या एका आकड्यावर पेन टेकवलं. "आणि हे काय? मातीत कुजलेला पाला, काडी-कचरा, काहीच नाही. मी बारा वर्षं हे काम करतोय. वाळवंटात याहून जास्त निघेल."

"मी रोज दोन वेळा झाडते," सुई म्हणाली. सवयीने, अभिमानाने. "एक पान राहू देत नाही. गोळा करून जाळून टाकते."

"तेच तर! कुजलेला पाला असता तर त्याने शिशाला धरून ठेवलं असतं, निदान काही. तुम्ही जमिनीच्या अंगावरचं पांघरूण रोज दोन वेळा ओढून काढलंत."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला स्वच्छतेवरून बोललं होतं. कागद त्याच्या तोंडावर फेकावासा वाटला. पण तो बोलतच होता. चांगलं कुजलेलं कंपोस्ट चार बोटं जाडीने पसरा, वीतभर खोल मिसळा, आंबटपणा उतरायला थोडा चुना घाला, दर वर्षी पुन्हा घाला. शिसं त्याने नाहीसं होणार नाही, शिसं कुठे जात नसतं. पण बांधलं जाईल, मुळांना कमी भिडेल. माती कोरडी खणू नका, ओली करून खणा, धूळ नाकात जाऊ देऊ नका.

"आणि पालेभाजी, कंदमुळं तिथली खायची नाहीत. पाल्यावर धूळ बसते, थोडं आतही जातं. मुलांना आणि गरोदर बायकांना तर मुळीच नाही. उताराला कुणाचं काही लावलेलं आहे का?"

"नाही," सुई म्हणाली.

का म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं. कागद घडी करून पर्समध्ये घातला आणि चालत निघाली. बस समोरून गेली तरी तिला दिसली नाही. तिला दिसत होते नवऱ्याचे हात, नखांच्या कडांना कायम करडे असणारे. दोन्ही मूत्रपिंडं गेली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, काय काम करायचे हे? तिने सांगितलं होतं, स्वतःचा धंदा होता.

घरी पोचेपर्यंत तिने एवढा हिशोब पक्का केला होता: कागद दाखवला तर जमीन गेली. ज्या जमिनीत विष आहे तिच्यावर सिमेंट टाकायला दिराला आणखी काय पाहिजे? आणि नवऱ्याचं नाव मातीत जाईल, आधीच होतं तिथे. कागद तिने मशीनच्या खणात बटणांच्या डबीखाली सरकवला.

पण धाकटीच्या वरच्या खोलीत धाकटीची लेक, म्हणजे सुईची पुतणी राहायची. सहावा महिना चालू होता तिला. आणि तिची आई तिला रोज ताटभर पालक खाऊ घालायची, रक्त वाढतं म्हणून. पुतणी सुईची लाडकी होती असं कुणी म्हणणार नाही. सुईची लाडकी होणं म्हणजे रोज तीनदा बोलणी खाणं. "केस बांध, भुतासारखी दिसतेस." "जिना हळू उतर, बैल नाहीस." असलं ते प्रेम. तरी शाळेत असल्यापासून त्या पोरीचा प्रत्येक कपडा सुईनेच शिवलेला.

त्या संध्याकाळी सुई देवापुढे बसली, दिवा लावला, आणि रोजची प्रार्थना पहिल्या ओळीपुढे सरकेना. तीच ओळ तिने पाच-सहा वेळा म्हटली. देव काही रागावत नाही, काही विचारत नाही, नुसता बघत बसतो. आणि तेच फार अवघड असतं. ती दिवा तसाच ठेवून उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रविवारी, पुतणी मागच्या पायरीवर ताट मांडीवर घेऊन जेवत बसली होती. दीर शेजारी उभा राहून गवंड्याला फोनवर सिमेंटची पोती सांगत होता. धाकटी खताला पाणी मारत होती. सुई तिच्या दारातून बाहेर आली, विटांची ओळ ओलांडून सरळ पायरीपाशी गेली, पुतणीच्या मांडीवरचं ताट उचललं आणि सगळंच्या सगळं खताच्या ढिगावर उपडं केलं.

"काकू!" पुतणी किंचाळली.

"डोकं फिरलं का तुमचं?" धाकटी पाइप टाकून धावली. "पोटुश्या पोरीच्या तोंडातला घास काढता? देव-देव करता ना रोज? हेच शिकवलं का त्याने?"

"गुळणी कर," सुई पुतणीला म्हणाली. "आणि ही भाजी पुन्हा खाल्लीस तर तंगडी तोडीन."

"माझी भाजी! माझ्या वाफ्यातली! स्वतःला काही उगवेना म्हणून दुसऱ्याचं—"

"शिसं आहे त्यात!" सुई ओरडली, आणि कागद धाकटीच्या ओल्या हातात कोंबला. "माझ्या मातीत आहे. माझ्याकडून वाहत तुझ्यात येत असणार. वाच. वाचता येतं ना?"

धाकटीने वाचलं. दिराने तिच्या खांद्यावरून वाचलं.

"म्हणजे दादाने..." दीर म्हणाला.

"त्यांनी फोडलं, मी धुतलं. मी लोटलं अंगणात, या हातांनी, अकरा वर्षं. आता घाला शिव्या. सगळ्यांनी मिळून घाला, एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

धाकटी शिव्या घालण्याची संधी सोडणारी नव्हती. "तीन वर्षं मला मीठवाली म्हणालात! उकिरडा म्हणून माझ्यावर अर्ज केलेत! आणि विष तुमच्या घरचं! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरं दिसतं हो, ताई. आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल."

"काल! म्हणजे काल रात्री माझ्या पोरीने जेवताना खाल्ला पालक, तो—"

"हो," सुई म्हणाली. "तो माझ्या पापात."

तेवढ्यात दीर मध्ये पडला. "मग वादच मिटला. उद्या सिमेंट. विषही झाकलं जाईल, टेंपोही उभा राहील. एका दगडात दोन पक्षी."

सुई मान खाली घालून उभी होती. जमीन गेली, हे तिने घरातून निघतानाच गृहीत धरलं होतं.

पण धाकटी वरच्या भिंतीपासून खालच्या वाफ्यांपर्यंत नजर फिरवत होती. "थांबा," ती नवऱ्याला म्हणाली. "सिमेंट टाकलंत तर पावसाचं पाणी कुठे जाईल?"

"वाहून जाईल."

"कुठे वाहून जाईल? आकाशात? उतार कुठे आहे? माझ्या वाफ्यात! आणि सिमेंट टाकायच्या आधी ती जमीन खणणार, धूळ उडवणार, ती कुणाच्या नाकात? तुमच्या लेकीच्या! आरसा फुटला म्हणून पोरीचं पोट धोक्यात घालता? टेंपो गल्लीतच राहील. दोन्ही आरसे फुटू देत."

"अगं, पण वहिनींचीच तर—"

"त्यांच्यासाठी नाही बोलत मी." ती सुईकडे वळली. "तुमच्यासाठी नाही हं, ताई. गैरसमज नको."

"माझा तुझ्याबद्दल एकही गैरसमज नाही," सुई म्हणाली. "जे आहेत ते सगळे खरे आहेत."

सोमवारी गवंडी आला तेव्हा धाकटीने त्याला दारातूनच वाटेला लावलं. त्याच दिवशी तिने स्वतःच्या वाफ्यांतली माती त्या केंद्रावर नेऊन दिली आणि पुतणीला डॉक्टरांकडे नेलं. वाफ्यांतही शिसं निघालं, पण बरंच कमी. तिथलं खत त्याला धरून बसलं होतं, असं चष्मेवाला म्हणाला. पालेभाजी मात्र बंद. पुतणीच्या रक्तातही थोडं निघालं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्याइतकं नाही, पण ती भाजी बंद करा आणि महिन्याने पुन्हा तपासू. त्या महिन्यात सुईने एकही दिवस पुतणीच्या नजरेला नजर दिली नाही. दुसऱ्या तपासणीत आकडा उतरला, तेव्हा ती जिन्याखाली उभी राहून एवढंच ओरडली, "जिना हळू उतर!"

मधल्या दिवसांत खत वाहण्याचं काम झालं. धाकटीने ढिगाचं तळाचं, जुनं, काळं खत काढलं. सुई नाकाला फडकं बांधून आली.

"ते धुळीसाठी बांधलंय की माझ्यासाठी?" धाकटीने विचारलं.

"दोघींसाठी."

"सोडा ते. आधी वास घेऊन बघा. सोडा म्हणते ना! अर्जात काय लिहिलं होतंत? दुर्गंधी. घ्या, हुंगा दुर्गंधी."

सुईने फडकं खाली केलं. धाकटीने मूठभर खत तिच्या नाकाखाली धरलं. त्याला कसलाच घाण वास नव्हता. ओल्या मातीचा होता, तोही हलका.

"वास आहे," सुई म्हणाली, आणि फडकं वर केलं.

दोघींनी मिळून वरचा भाग आधी भिजवला, मग खणला, चुना घातला, चार बोटं खत पसरून वीतभर खोल मिसळलं. त्या आठ दिवसांत इतकं भांडण झालं की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सुई खताचं घमेलं उचलायच्या आधी त्याची कड पुसायची, धाकटी म्हणायची, "आंघोळ घाला त्याला, मग उचला." सगळ्यात अवघड गेलं ते पान न उचलणं. शेजारच्या झाडावरून पान पडलं की सुईचा हात आपोआप खराट्याकडे जायचा, आणि खालून आवाज यायचा, "राहू द्या ते! खाली ठेवा खराटा! तुमच्या बापाने नाही दिलेलं ते पान, देवाने दिलंय!" खराटा शेवटी धाकटीने उचलून स्वतःच्या घरात नेऊन ठेवला.

पहिल्या वर्षी खायचं काही लावायचं नाही, नुसती फुलं, असं चष्मेवाल्याने बजावलं होतं. सुईने फुलं लावली, आणि एका कडेला, बघण्यापुरता, घेवड्याच्या अकरा बिया. बारा दिवसांत त्या वर आल्या. चार पानांवर आल्यावर सुईने आठ दिवस तिकडे पाहिलंच नाही. पाठ करून कपडे वाळत घालायची. नवव्या दिवशी पाहिलं. तीन रोपं पिवळी पडली होती. आठ रोपांना पाचवं पान फुटलं होतं. तिने एक रोप उपटून मूळ पाहिलं. करंगळीहून लांब होतं, आणि टोक पांढरं.

दीर टेंपो पुसत होता, तो कुंपणावरून म्हणाला, "वहिनी, आठ रोपांसाठी आख्खं अंगण अडवलंत."

"सातच," सुई म्हणाली. "आठवं मी उपटलं. तुमच्या नाकावर टिच्चून लावायला उरलीत सात."

"अहो ताई," धाकटी ढिगापाशी कंबरेवर हात ठेवून उभी होती. "नाकावर नंतर टिच्चा. तुमच्या अर्ध्या अंगणाने माझा सगळा ढीग खाल्ला. नवा रचलाय तो नुसता ओलाच आहे, पाणी सुटतंय त्याला. कोरडं काहीतरी पाहिजे त्यात. आणि या वेळी मी जाणार नाही मागायला. सगळ्या गल्लीकडे मागून मागून माझं तोंड झिजलं."

"माझं अजून शाबूत आहे," सुई म्हणाली.

"ते माहितीय सगळ्यांना. रंग नाही, पॉलिश नाही, साधं लाकूड असेल त्याचाच भुसा आणा. विचारून घ्या त्याला. प्लायवुडचा नको."

"तू मला शिकवू नको."

"मीच शिकवणार. तुम्हाला आणखी कोण शिकवणार?"

सुईने हात धुतले, दोन रिकामी पोती झटकून खांद्यावर टाकली, आणि लाकडाचा भुसा आणायला सुताराकडे गेली.